गाडी एकटीच धडकली तर: हक्क कुणाचे, जबाबदारी कुणाची

वळणावर गाडी घसरून दुभाजकावर चढते, जनावर आडवं आलं म्हणून स्टिअरिंग ओढलं जातं आणि समोर झाड येतं, किंवा टायर फुटून गाडी थेट चारीत जाते. दुसरी गाडी नसते, भांडायला समोर कुणी नसतं. मग घरचे दोनपैकी एक समजूत करून घेतात. एक, "चूक आपलीच, कुणाकडे मागणार?" दुसरी, "फुल इन्शुरन्स आहे, सगळं मिळेल." दोन्ही समजुतींनी नुकसान होतं. भारतातल्या कायद्यात अशा अपघातातही काही जणांना पूर्ण भरपाई मिळते, काहींना ठरावीक रक्कम मिळते आणि काहींना जवळपास काहीच मिळत नाही. कुणाला काय मिळणार हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं: त्या गाडीत तुम्ही कोण होता, आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत कागदावर काय लिहिलं गेलं.

पहिला तास

माणसं आधी, गाडी नंतर. ११२ किंवा १०८ लावा; राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ हा महामार्गाचा मदत क्रमांक आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३४ नुसार जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणं ही चालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. जमावाच्या रोषामुळे थांबणं शक्य नसेल तर कायदा ते समजून घेतो. पण मग तिथून निघून सरळ पोलीस ठाण्यात जायचं, घरी नाही.

मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस उपचार योजना लागू आहे. रस्ते अपघातातल्या प्रत्येक जखमीला नेमून दिलेल्या रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. अपघातात दुसरी गाडी असलीच पाहिजे अशी अट नाही, आणि चालकही जखमीच असतो. रुग्णालयाच्या काउंटरवर ही योजना तुम्हीच विचारा. कुणी आपणहून सांगेल याची वाट पाहू नका.

मदतीला आलेल्या वाटसरूला धीर द्या. कलम १३४ अ नुसार त्याच्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही आणि नाव सांगायची सक्तीही करता येत नाही. तो आपणहून नंबर द्यायला तयार असेल तर मात्र जरूर घ्या. एकट्या गाडीच्या अपघातात बाहेरचा साक्षीदार सापडणं मुळातच दुर्मिळ असतं.

कुणाच्या जिवाला धोका नसेल तर गाडी हलवण्याआधी फोटो काढा. नुसता चेपलेला बंपर नको. टायरच्या घसरल्याच्या खुणा, खड्डा, सांडलेलं ऑइल, बंद पडलेले दिवे, नसलेला वळणाचा फलक, फुटलेल्या टायरची आतली बाजू, असं सगळं हवं. एक व्हिडिओ जरा लांबून चालत येत काढा, म्हणजे चालकाला किती अंतरावरून काय दिसत होतं ते कळतं. डॅशकॅम असेल तर कार्ड लगेच काढून ठेवा, नाहीतर रेकॉर्डिंगवर नवं रेकॉर्डिंग चढतं.

पोलिसांना कळवायचं की नाही?

कुणाला इजा झाली असेल किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं असेल तर कळवावंच लागतं, जास्तीत जास्त २४ तासांच्या आत. दुसऱ्याची मालमत्ता म्हणजे विजेचा खांब, महामार्गाचा कठडा, कुणाच्या बंगल्याची भिंतसुद्धा. विमा कंपनीलाही अपघाताची लेखी माहिती द्यायची असते: पॉलिसी क्रमांक, वेळ, ठिकाण, जखमींची नावं, चालकाचं लायसन्स. हे टाळलं तर कलम १८७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

फक्त आपलीच गाडी चेपली आणि कुणाला खरचटलंही नाही, तर कायद्याने पोलिसांत जायची सक्ती नाही. तरी नुकसान मोठं असेल तर ठाण्यात नोंद करून तिची प्रत घ्या. पुढे अंगदुखी म्हणून सुरू झालेलं दुखणं मणक्याचं निघालं, तर अपघात झाला होता हे सांगणारा तेवढाच एक कागद हातात राहतो. रुग्णालयात जाल तिथेही केसपेपरवर "अपघात" असं स्पष्ट लिहिलंय ना ते पाहा. "घरात पडून" असं लिहून घेणारे नातेवाईक असतात, पोलिसांचं लचांड नको म्हणून. त्या दोन शब्दांपायी पुढे सगळा दावा अडतो.

जबाब देताना

गाडी दुसऱ्या गाडीवर आदळली की दोन बाजू असतात, दोन कहाण्या असतात. इथे एकच कहाणी आहे आणि ती तुमच्या जबाबातून आणि पंचनाम्यातून तयार होते. त्यामुळे घाईत, गोळ्यांच्या गुंगीत सही करू नका. जबाब वाचून दाखवायला सांगा, चुकलं असेल तिथे दुरुस्त करून घ्या. माहीत असेल तेवढंच सांगा. "झोप लागली असावी", "वेग जास्त असेल" असे अंदाज सांगायला कुणी भाग पाडत नाही, आणि ते पुढे शब्दशः वाचून दाखवले जातात.

उलट बाजूही तितकीच खरी. दारू प्यायलेला चालक बदलून दुसऱ्याचं नाव पुढे करणं हा सर्रास दिला जाणारा आणि सर्वांत घातक सल्ला आहे. सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासणारा माणूस, लायसन्स, रुग्णालयाचे कागद आणि टोलचे फोटो जुळवून पाहतो. क्लेम जातोच, वर खोट्या माहितीचा गुन्हा अंगावर येतो.

एखादा ट्रक अंगावर आला, त्याला चुकवताना तुमची गाडी रस्त्याखाली गेली आणि तो थांबलाच नाही, असं झालं असेल तर ते पहिल्याच जबाबात आलं पाहिजे. मग हा निव्वळ एकट्या गाडीचा अपघात राहत नाही. पळून गेलेल्या अज्ञात वाहनामुळे मृत्यू झाला तर दोन लाख आणि गंभीर दुखापत झाली तर पन्नास हजार रुपये अशी वेगळी सरकारी योजना एप्रिल २०२२ पासून आहे. तीन महिन्यांनी आठवलेला ट्रक मात्र कुणी मानत नाही.

फौजदारी बाजू थोडक्यात. १ जुलै २०२४ नंतरच्या अपघातांना भारतीय न्याय संहिता लागू आहे. बेदरकार गाडी चालवण्यासाठी कलम २८१, दुखापतीसाठी कलम १२५, आणि निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला तर कलम १०६(१), ज्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हा गुन्हा जामीनपात्र आहे. मृत व्यक्ती चालकाची बायको किंवा आई असली तरी गुन्हा दाखल होतो. घरच्यांनी "आमची तक्रार नाही" म्हटल्याने तो टळत नाही, हे ऐकून कुटुंबं हबकून जातात. वकील इथेच गाठा, नंतर नाही.

गाडीत तुम्ही कोण होता?

या लेखातला हा सर्वांत महत्त्वाचा भाग, म्हणून सावकाश वाचा.

*गाडीचा मालक, आणि गाडीही तुम्हीच चालवत होता.* तुमची बाजू सर्वांत कमजोर. थर्ड पार्टी विमा हा मालकाने दुसऱ्याचं केलेलं नुकसान भरून देण्यासाठी असतो. स्वतःच्या चुकीने स्वतःला झालेल्या इजेसाठी तुम्ही स्वतःवरच दावा लावू शकत नाही, आणि मालक देणं लागत नसेल तर त्याच्या जागी विमा कंपनीही देणं लागत नाही. २००७ साली सर्वोच्च न्यायालयासमोर आलेलं एक प्रकरण याचा अगदी नमुना आहे. रस्त्यात बकरी आडवी आली, तिला वाचवताना व्हॅन झाडावर आदळली आणि चालवणारा मालक गेला. त्याच्या वारसांना थर्ड पार्टी विम्यातून भरपाई मिळाली नाही. जुलै २०२५ मध्येही सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. कर्नाटकात २०१४ साली उलटलेल्या एका मोटारीच्या चालकाच्या कुटुंबाने ८० लाखांची मागणी केली होती. चालकाचाच निष्काळजीपणा होता म्हणून ती फेटाळली गेली.

मग मालक-चालकाला काय? त्याच्यासाठी सक्तीचं वैयक्तिक अपघात कव्हर असतं, २०१८ पासून १५ लाखांचं. मृत्यू किंवा कायमचं संपूर्ण अपंगत्व आलं तर पूर्ण रक्कम, एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेला तर निम्मी. चूक कुणाची हा प्रश्नच इथे येत नाही. पण वैध लायसन्स हवं आणि आरसी बुकावर तुमचंच नाव हवं. कंपनीच्या नावावरच्या गाडीला हे कव्हर नसतं. आणि एक गोम आहे. ऑनलाइन रिन्यू करताना "माझ्याकडे आधीच असं कव्हर आहे" या चौकोनात टिक केली की प्रीमियम कमी दिसतो. कितीतरी लोक नसलेल्या कव्हरवर ही टिक करून मोकळे होतात. हे वाचून झाल्यावर पॉलिसी उघडा आणि ती ओळ शोधा.

*मित्राची किंवा नातेवाइकाची गाडी तुम्ही चालवत होता.* न्यायालयांनी अशा चालकाला मालकाच्या जागी धरलंय. म्हणजे मालकाचे तोटे तुमच्या वाट्याला, पण मालकाच्या नावाचं १५ लाखांचं कव्हर तुम्हाला लागू होईल असं धरून चालू नका. कुणाचीही गाडी घेऊन लांबच्या प्रवासाला निघणाऱ्याने स्वतःच्या नावाची अपघात पॉलिसी घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

चूक सिद्ध न करता मिळणाऱ्या भरपाईवर मालकाचे किंवा चालकाचे वारस हक्क सांगू शकतात का, यावर निकाल एकसारखे नाहीत. टायर फुटून झालेल्या एका अपघाताच्या निमित्ताने ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे पाठवला. तेव्हा "काही मिळत नाही" असं कुणी सांगितलं म्हणून कागद रद्दीत घालू नका.

*पगारी ड्रायव्हर.* याचं वेगळं आहे, आणि बऱ्याच ड्रायव्हरांच्या घरच्यांना ते माहीतच नसतं. कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, १९२३ खाली कामावर असताना झालेल्या अपघातात ड्रायव्हरचीच चूक असली तरी भरपाई मिळू शकते. हिशोब पगार आणि वयावरून होतो. हा मार्ग किंवा मोटार अपघात न्यायाधिकरण, दोन्हींतला एकच निवडता येतो. ड्रायव्हरची स्वतःची चूक उघड असेल तर पहिला मार्ग धरायचा.

*गाडीतले प्रवासी.* यांची बाजू सर्वांत भक्कम. सरळ रस्त्यावरची गाडी आपोआप झाडावर जात नाही; गेली असेल तर चालकाने का गेली ते सांगावं, अशा अर्थाचं तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७७ सालीच एका मोटारीच्या प्रकरणात लावलं आहे. म्हणजे निष्काळजीपणा सिद्ध करायचं ओझं प्रवाशावर फारसं उरत नाही. मात्र पॉलिसी कोणती आहे ते पाहावं लागतं. खासगी मोटारीतल्या प्रवाशांना फुल म्हणजे पॅकेज पॉलिसीत संरक्षण असतं, हे २०१२ च्या निकालाने पक्कं केलंय. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर विमा कंपनी हात वर करते आणि भरपाईचा बोजा मालकाच्या डोक्यावर येतो.

बायको शेजारी बसलेली आणि नवरा गाडी चालवत होता, तर बायको दावा करू शकते. कागदावर प्रतिवादी म्हणून नवऱ्याचं नाव येतं, ते पाहून घरात अवघडल्यासारखं होतं. पण पॅकेज पॉलिसी असेल तर पैसे विमा कंपनी देते. चालक गेला आणि त्याच अपघातात त्याचं मूलही गेलं, तर चालकाच्या मृत्यूचा दावा टिकला नाही तरी मुलाच्या मृत्यूचा स्वतंत्र दावा उभा राहतो. हे दोन दावे एकत्र कालवू नका.

गाडीचं नुकसान

पॅकेज पॉलिसी असेल तरच हा विषय. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा, क्लेम नंबर घ्या, आणि सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत गॅरेजवाल्याला एक स्क्रूही खोलू देऊ नका. इंजिनखालून तेल गळत असताना "हळूहळू घरापर्यंत नेऊ" म्हणून गाडी चालवली आणि इंजिन जाम झालं, तर ते नंतरचं नुकसान म्हणून नाकारलं जातं. टोइंगच्या पैशांपेक्षा ते कितीतरी महाग पडतं.

झीरो डेप, म्हणजे सुट्या भागांचा घसारा न कापणारं जादा कव्हर, नसेल तर प्लास्टिक, रबर, बॅटरी आणि एअरबॅगची निम्मीच किंमत मिळते, फायबरच्या भागांवर ३० टक्के कापले जातात, काचेवर काही कापत नाहीत. शिवाय ठरावीक रक्कम तुमच्या खिशातून जाते: १५०० सीसीपर्यंत हजार, त्यापुढे दोन हजार रुपये. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमामूल्याच्या ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी "टोटल लॉस" धरतात. नुकसान किरकोळ असेल तर क्लेम करण्याआधी नो क्लेम बोनसचा, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणाऱ्या सवलतीचा, हिशोब करा. पन्नास टक्क्यांवर पोचलेला बोनस एका बंपरसाठी घालवणं परवडत नाही.

आणि दारू. रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल हा कलम १८५ खालचा गुन्हा, पहिल्या वेळी सहा महिने कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही. पण "चाचणीच झाली नाही, मग कंपनी काय सिद्ध करणार" या भरवशावर राहू नका. २००७ साली दिल्लीत इंडिया गेटजवळ एक पोर्शे फुटपाथवर आदळून उलटली आणि जळाली. दुसरं वाहन नव्हतं, चालकाची रीतसर मद्यचाचणीही नव्हती. तरी वैद्यकीय कागदातला तोंडाच्या वासाचा उल्लेख आणि अपघाताची एकूण तऱ्हा पाहून सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विमा कंपनीचा नकार योग्य ठरवला.

मोडलेला खांब, वाकलेला कठडा

वीज कंपनी किंवा महामार्ग प्राधिकरणाकडून नुकसानीचं बिल येतं. ते थर्ड पार्टी मालमत्तेचं नुकसान आहे, म्हणजे तुमच्या विम्यातच बसतं. खासगी मोटारीसाठी ही मर्यादा साधारणपणे साडेसात लाखांची असते. प्रीमियममध्ये थोडी सूट घेऊन ती सहा हजारांवर आणलेली नाही ना, तेवढं पॉलिसीत पाहा. जागेवर रोख पैसे देऊन, चूक कबूल केल्याचा कागद लिहून देऊ नका. बिल लेखी मागा आणि विमा कंपनीकडे पाठवा.

मालक म्हणून आणखी एक. गाडी विकली पण आरसीवर नाव तुमचंच राहिलं, तर जबाबदारीही तुमचीच, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलंय. अल्पवयीन मुलाच्या हातात गाडी दिली तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड, शिवाय गाडीची नोंदणी वर्षभर रद्द.

चूक रस्त्याची किंवा गाडीची असेल तर

इथे समोर कुणीच नसतं असं नाही, फक्त ते दिसत नाही. रस्त्याची रचना किंवा देखभाल ठरलेल्या निकषांनुसार नसल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर कलम १९८ अ खाली संबंधित यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे झालेल्या मृत्यूसाठी सहा लाख आणि जखमींसाठी ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवून दिली. म्हणून त्या खड्ड्याचा फोटो त्याच दिवशी हवा. दुसऱ्या दिवशी तो बुजवलेला असतो, आणि तेवढी तत्परता नेमकी अशाच वेळी दिसते.

ब्रेक, स्टिअरिंग किंवा एअरबॅगचा संशय असेल तर गाडी दुरुस्त करू नका, भंगारात काढू नका, सुटा भाग कंपनीच्या ताब्यात देऊ नका. आरटीओ निरीक्षकाचा तपासणी अहवाल मागून घ्या, गरज वाटल्यास स्वतंत्र अभियंत्याकडून तपासणी करून घ्या. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सदोष उत्पादनासाठी उत्पादकाला जबाबदार धरता येतं. पण गाडीच उरली नाही तर दोष कशात दाखवणार?

दावा कुठे आणि कधीपर्यंत

इजा किंवा मृत्यूचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात. अपघात झाला तिथे, तुम्ही राहता तिथे किंवा प्रतिवादी राहतो तिथे, कुठेही दाखल करता येतो. चूक सिद्ध न करता कलम १६४ खाली मृत्यूला पाच लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख अशी ठरावीक रक्कम आहे. कमावता माणूस गेला असेल किंवा कायमचं अपंगत्व आलं असेल, तर चूक सिद्ध करून कलम १६६ खाली मागितलेली भरपाई बहुधा बरीच जास्त होते, कारण ती उत्पन्न, वय आणि अवलंबून असलेल्यांवरून काढतात. पगाराच्या स्लिपा, आयकर विवरणपत्रं, बँकेचे उतारे आत्तापासून जमवा.

मुदत अपघातापासून सहा महिने. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या आशेवर थांबू नका. पोलिसांनी ४८ तासांत न्यायाधिकरणाला पहिला अपघात अहवाल द्यायचा असतो आणि जखमी किंवा वारसांना त्यांच्या हक्कांची माहिती देणारा फॉर्म क्रमांक दोन दहा दिवसांत द्यायचा असतो. ठाण्यात जाऊन हा फॉर्म नावाने मागा. नावाने मागितला की मिळतो.

क्लेम नाकारला तर कारण लेखी घ्या. "फोनवर सांगितलं" याला किंमत नाही. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लिहा. महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर वर्षभरात विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद चालतात आणि निकाल कंपनीवर बंधनकारक असतो. ग्राहक आयोगाचा मार्गही आहे, त्याला मुदत दोन वर्षांची. मात्र आयोगात प्रकरण दाखल झालं की लोकपाल ते घेत नाही, म्हणून आधी लोकपाल आणि मग आयोग असा क्रम ठेवा. नुसतं "उशिरा कळवलं" एवढ्याच कारणावर क्लेम फेटाळला असेल तर विमा नियामकाचं २०११ चं परिपत्रक अर्जाला जोडा. उशीर का झाला हे पटण्यासारखं असेल, तर केवळ तेवढ्यावर खरा क्लेम नाकारू नये असं त्यात कंपन्यांना बजावलेलं आहे.